वस्तूंची ओळख : तेरचा संग्रह व शाळेतील वस्तुकक्ष

(इयत्ता ५ वी ते ७ वी. इतिहास, भूगोल व सामान्य विज्ञान यांच्या समन्वयासाठी अभ्यासपाठ)

पाठाचा हेतु

हाताने घडविलेली वस्तू आणि निसर्गातून मिळालेला नमुना यांच्याकडे कसे पाहावे, त्यांच्याविषयी कोणते प्रश्न विचारावेत व मिळालेल्या उत्तरांची नोंद कशी ठेवावी, हे विद्यार्थ्यांस शिकविणे हा या पाठाचा हेतु आहे. वस्तुसंग्रहालय म्हटले की तलवारी, चिलखते व सिंहासने एवढेच मुलांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. वास्तविक शंखाचा तुकडा, मातीचा मणी, घोंगडीचे सूत व सुगरणीचा खोपा यांतही शिकण्यासारखे पुष्कळ असते. मात्र वस्तू कोठे मिळाली हे ठाऊक नसेल, तर तिच्यापासून मिळणाऱ्या ज्ञानाचा मोठा भाग नाहीसा होतो. ही एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसली तरी पाठाचे निम्मे कार्य झाले, असे समजावे.

१. शेजारचे उदाहरण : तेर

माढा तालुक्यातील कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे पूर्वेस गेले असता तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव लागते. ते धाराशिव जिल्ह्यात आहे. वारकऱ्यांना ते संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून परिचित आहे. गोरोबाकाकांच्या पूर्वीही सुमारे हजार-बाराशे वर्षे हे गाव मोठी बाजारपेठ होते व त्याचे नाव तगर असे होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रव्यापाराच्या माहितीपुस्तकात तगरचा उल्लेख आढळतो. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, व पैठणापासून पूर्वेस तगर दहा दिवसांच्या वाटेवर, असे त्यात सांगितले आहे. पैठणाहून गोमेदासारखे दगड व तगरहून जाडेभरडे कापड आणि तलम मलमली गाड्यांतून भडोचला जात व तेथून जहाजांवर चढत. हे तगर म्हणजेच आजचे तेर, असे फ्लीट या संशोधकाने १९०१ साली दाखवून दिले.

तेरच्या शिवारात पावसाळ्यानंतर व नांगरटीच्या वेळी जुन्या वस्तू वर येतात. अशा वस्तू कित्येक ठिकाणी मुलांच्या खेळात किंवा मोडीत जातात. तेर येथे मात्र रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी त्या वर्षानुवर्षे जमवून जतन केल्या. त्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेर येथे त्यांच्याच नावाने चालते. मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, सातवाहन राजांची नाणी, हस्तिदंती काम अशा नाना वस्तू त्यात आहेत. १९५८ साली चापेकर यांनी तेर येथे शास्त्रीय उत्खनन केले व त्यानंतरही तेथे उत्खनने झाली.

येथे शिक्षकांनी वेचलेली वस्तू व उत्खननात मिळालेली वस्तू यांतील भेद समजावून सांगावा. शेतात वर आलेली वस्तू कोणत्या काळाची आहे हे तिच्या घडणीवरूनच ताडावे लागते. उत्खननात जमीन थराथराने उकलली जाते व प्रत्येक वस्तू कोणत्या थरात, कोणत्या वस्तूंच्या सोबत मिळाली याची नोंद होते. सामान्यतः खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा असतो. ही कल्पना स्पष्ट होण्यासाठी वर्गातील टेबलावर आठवडाभर रोज एक वर्तमानपत्र ठेवावे व शेवटी तारखा न पाहता कोणते पत्र कोणत्या दिवसाचे हे विचारावे. मग मधले एक पत्र काढून दुसऱ्या खोलीत ठेवावे व त्याची तारीख झाकून तोच प्रश्न पुन्हा विचारावा.

२. हस्तिदंती मूर्ती आणि पाँपेई

तेरच्या संग्रहात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्या अंगावर दागिने कोरलेले आहेत. अशाच घडणीची एक मूर्ती इटलीतील पाँपेई या नगराच्या अवशेषांत १९३८ साली मिळाली व ती आता नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील उत्खननातही अशा मूर्तीचा भाग मिळालेला आहे. या तीन मूर्तींचे साम्य पाहून पाँपेईची मूर्ती दक्षिणापथातून गेलेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्या राखेखाली मिळालेली मूर्ती त्या वर्षापूर्वीच तेथे पोहोचलेली असली पाहिजे, हे उघड आहे. म्हणून तिच्यासारख्याच तेरच्या मूर्तीचा काळ ठरविण्यास एक पक्का आधार मिळतो. इटलीतील एका घराच्या राखेने मराठी मुलखातील कारागिराचा काळ सांगावा, ही विलक्षण गोष्ट होय. परंतु ती मूर्ती पाँपेईहून कोणी चोरून नेली असती व मिळाल्याचे ठिकाण न सांगता बाजारात विकली असती, तर काय झाले असते? मूर्तीचे सौंदर्य तेवढेच राहिले असते; पण तिच्या काळाविषयीचा पुरावा कायमचा नष्ट झाला असता.

हा व्यापार एकमार्गी नव्हता, हेही येथे सांगावे. कोल्हापूर येथील ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची काशाची लहान मूर्ती मिळाली आहे. रोमन नाण्यांच्या नमुन्यावरून केलेली मातीची पदके तेर येथे मिळतात. त्यांना ओवण्यासाठी कान ठेवलेला असल्यामुळे ती गळ्यात घालीत असावेत. परदेशी सोन्याचे नाणे ज्यांस परवडत नसे, त्यांच्यासाठी गावच्याच कारागिराने मातीत तशी नक्षी उठविली, असा तर्क करता येतो.

३. निसर्गाचा नमुना आणि माणसाचा हात

मोठ्या संग्रहालयांत नैसर्गिक नमुने व हस्तकौशल्याच्या वस्तू यांची दालने बहुधा निराळी असतात. मुंबईत १९२२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या व आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत शिल्पे, चित्रे व प्राणिसृष्टी ही सारी एकाच इमारतीत, पण वेगवेगळ्या दालनांत आहेत. ही विभागणी सोयीची असली तरी मुलांना शिकविताना दोहोंची सांगड घालावी. प्रत्येक घडविलेली वस्तू आधी निसर्गाचा एक तुकडा असते. पुढील तीन उदाहरणे त्या दृष्टीने उपयोगी पडतील.

(अ) शंखाची बांगडी. तेरपासून समुद्र सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. बांगडीसाठी लागणारा जाड, भरीव शंख तर कच्छ-सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत व दक्षिणेस मन्नारच्या आखातात मिळतो. शंख आडवा कापून त्याची वलये काढीत, ती घासून गुळगुळीत करीत व कधी त्यांवर नक्षी कोरीत. एका शंखातून थोडीच वलये निघतात. यावरून बांगडीमागे समुद्रात बुडी मारणारा कोळी, माल वाहणारा गाडीवान, शंख कापणारा कारागीर व ती विकणारा व्यापारी अशी माणसांची मालिका उभी राहते. सीना किंवा भीमा नदीच्या पात्रातील शिंपला वर्गात आणून दाखवावा. तो पातळ व ठिसूळ असल्यामुळे त्याची बांगडी का होत नाही, हे मुलांना हातात घेताच कळते व समुद्रातील शंख इतक्या दूर का आणावा लागला याचा उलगडा होतो.

(आ) अकीकाचा मणी. माढा तालुक्यातील काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला आहे. त्या रसात अडकलेल्या वायूंमुळे खडकात पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यातील द्रव्ये साठून गारगोट्या व अकीक तयार झाले. ओढ्याच्या काठी मुले ज्या पांढऱ्या गारगोट्या खेळावयास वेचतात, त्या याच कुळातील होत. अकीकात लोहाचा अंश असल्यास तो भाजल्याने तांबडा होतो, ही युक्ती कारागिरांस प्राचीन काळापासून अवगत होती. गुजरातेत खंबायत येथे हा मणी घडविण्याचा व्यवसाय आजही चालतो. दगड भाजणे, फोडून आकार देणे, घासणे, भोक पाडणे व झिलई देणे अशा क्रमाने तो मणी पुरा होतो. यांपैकी भोक पाडणे हे सर्वांत नाजूक काम असते, कारण तेथे चूक झाली तर आधीचे सर्व श्रम वाया जातात.

(इ) मातीची मूर्ती. तेर येथे पांढऱ्या चिकणमातीच्या व तांबड्या मातीच्या पुष्कळ मूर्ती मिळाल्या आहेत. त्यांतील काही दोन साच्यांत केलेल्या आहेत. पुढचा भाग एका साच्यात व मागचा दुसऱ्यात काढून दोन्ही भाग जोडीत. त्यामुळे मूर्ती आतून पोकळ राहते, तिला माती कमी लागते व भाजताना ती तडकण्याचे भय कमी होते. मूर्तीच्या बाजूस सांधा दिसतो का, हे संग्रहालयात गेल्यावर विद्यार्थ्यांना स्वतःच शोधावयास सांगावे. सहलीपूर्वी गावातील कुंभाराकडे वर्ग न्यावा. माती मळताना तिच्यात राख किंवा लीद का मिसळतात, भट्टीतील सर्व मडकी सारख्याच रंगाची का होत नाहीत, हे प्रश्न त्यांस आदराने विचारावेत. वर्गातील धड्यापेक्षा त्यांचे उत्तर मुलांच्या अधिक ध्यानात राहील.

४. पांढरी

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे काळी व पांढरी असे दोन भाग मानतात. काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. एकाच जागी शेकडो वर्षे माणसे राहिली की चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, हाडे, खापरे यांचे थर साचतात व जमिनीस फिकट रंग येतो. जेथे आज वस्ती नाही पण जमीन पांढरी व उंच आहे आणि खापरे विखुरलेली आहेत, तेथे पूर्वी गाव होते असे समजावे. पुरातत्त्वज्ञ जुन्या वस्त्या शोधताना याच खुणांचा आधार घेतात. तगर नगराचे अवशेषही तेरच्या अशाच टेकाडांत दडलेले आहेत.

ही पांढरीची माती माळवदावर घालण्यास व शेतात खत म्हणून टाकण्यास फार उपयोगी असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरभरून नेली गेली. गाडीने एका दिवशी जेवढी माती हलत असे, तेवढी आता यंत्राने काही मिनिटांत हलते. माती नेणाऱ्या शेतकऱ्यास दोष देण्याचे कारण नाही. त्यास तिची गरज असते, आणि त्या मातीत काय आहे हे त्यास कोणी सांगितलेले नसते. परंतु टेकाड एकदा उकरले गेले की त्याचे थर पुन्हा रचता येत नाहीत. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात भीमाकाठच्या अनेक गावांच्या पांढऱ्या बुडाल्या. धरणाने दुष्काळी भागास पाणी दिले, हे खरेच. पण त्या गावांची जी हकिकत कोणी लिहून ठेवली नाही, ती आता वृद्धांच्या आठवणीतच उरली आहे. म्हणून जे उरले आहे त्याची नोंद शाळेने करणे अगत्याचे आहे. प्रत्येक खेड्यात शाळा आहे व तेथे लिहिता-वाचता येणारी मुले आहेत. हे काम एवढ्या विस्ताराने करू शकेल अशी दुसरी यंत्रणा खेड्यात सहसा आढळत नाही.

५. शाळेतील वस्तुकक्ष

वस्तुकक्षासाठी स्वतंत्र खोलीची गरज नाही. वर्गाच्या एका भिंतीशी दोन फळ्या असल्या तरी पुरे. एका फळीवर घडविलेल्या वस्तू व दुसरीवर नैसर्गिक नमुने ठेवावेत.

घरगुती वस्तूंचे मोल कमी लेखू नये. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, वज्री, फण्या अशा रोजच्या वापरातील वस्तू जपून मांडल्या आहेत व त्या पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. माढा तालुक्यातील घरांत अशा वस्तू अजूनही माळ्यावर किंवा गोठ्यात पडलेल्या असतात. पाभरीचे चाडे, मोटेचे चाक, धान्याची कणगी, घोंगडी, पितळी समई, जात्याचा खुंटा ही त्यांची काही उदाहरणे होत. वस्तू देण्यास घरचे लोक राजी नसतील तर आग्रह धरू नये. वस्तू घरीच राहू द्यावी व तिचे चित्र आणि नोंद शाळेत ठेवावी.

घोंगडीच्या उदाहरणाने पाठ रंगविता येईल. मेंढीची लोकर कातरणे, पिंजणे, सूत काढणे, मागावर विणणे व शेवटी चिंचोक्याची खळ देणे या क्रमाने ती तयार होते. लोकर व चिंचोका हे नैसर्गिक नमुने आणि घोंगडी ही घडविलेली वस्तू शेजारी शेजारी मांडली, म्हणजे तिसऱ्या भागात सांगितलेली गोष्ट मुलांस न सांगताच उमगेल.

जुनी धान्यमापे मिळाली तर गणिताचाही पाठ होतो. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अडिशेरी व दोन अडिशेरींची एक पायली, असे हे दुपटीचे कोष्टक होते. गावोगावच्या मापांत थोडाफार फरकही असे. १९५६ च्या कायद्यानंतर देशात टप्प्याटप्प्याने दशमान वजने-मापे आली व ही मापे मागे पडली.

नैसर्गिक नमुन्यांत काळी माती, मुरूम, चुनखडी, गारगोटी, नदीतील शिंपले, बाभळीच्या शेंगा व ज्वारीचे कणीस ठेवता येईल. विणीचा हंगाम संपल्यावर वाऱ्याने खाली पडलेला सुगरणीचा रिकामा खोपा मिळाल्यास तो अवश्य दाखवावा. सुगरण हा शब्द स्त्रीलिंगी असला तरी खोपा विणण्याचे काम नर करतो, हे ऐकून मुलांना नवल वाटेल. गवताच्या किंवा पात्यांच्या चिरफळ्या काढून केवळ चोचीने तो ही वीण घालतो. खोपा कोणत्या फळीवर ठेवावा, नैसर्गिक की घडविलेल्या वस्तूंच्या, यावर वर्गात चर्चा घडवून आणावी. शिक्षकांनी निर्णय देण्याची घाई करू नये.

६. नोंदीची चिठ्ठी

प्रत्येक वस्तूसोबत चिठ्ठी असावी व तीच माहिती वहीत अनुक्रमांकाने लिहावी. वस्तूवर कोपऱ्यात तोच क्रमांक घालावा. चिठ्ठीचा नमुना असा :

अनुक्रमांक : ७
नाव (घरात म्हणतात ते) : चाडे
कशाचे : लाकूड (झाडाची जात सुतारास विचारून लिहावी)
कोठे मिळाले : गाव व वस्ती, गोठ्यातील माळा
कोणी केले : गावचा सुतार
उपयोग : पाभरीवर बसवून त्यात मुठीने बी सोडतात, ते नळ्यांतून फणांपाशी पडते
संबंधित शब्द किंवा म्हणणे : चाड्यावर मूठ धरणे
सांगणार : विद्यार्थ्याची आजी
नोंदीची तारीख : ……

यांतील 'कोठे मिळाले' व 'सांगणार' हे रकाने कधीही रिकामे ठेवू नयेत. वस्तूचे घरगुती नाव आहे तसेच लिहावे. पुस्तकी नाव देऊन ते बदलू नये. आजीने सांगितलेला शब्द चिठ्ठीवर उतरला नाही, तर पुढे तो विचारावयास कोणी उरणार नाही.

७. काय गोळा करू नये

(१) पांढरीच्या टेकाडावर मुलांकडून खणण्याचे काम मुळीच करवू नये. जमिनीवर खापरे दिसल्यास ती जागा नकाशात दाखवावी व शिक्षकांनी पुरातत्त्व विभागास कळवावे.

(२) जमिनीत पुरलेले नाणे, दागिने किंवा दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या शिल्प, नाणे इत्यादि वस्तूंस १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागू होतो. अशा वस्तू शाळेने परस्पर ठेवू नयेत.

(३) पक्ष्यांची अंडी, वसलेली घरटी, वन्य प्राण्यांची कातडी, शिंगे व दात जमवू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास मनाई आहे. तेरच्या कारागिराने हस्तिदंत कोरला त्या काळी हत्तींची वाण नव्हती. आज ती आहे. हा फरक विद्यार्थ्यांस समजावून द्यावा. माढा व करमाळा भागातील माळरानांचा समावेश १९७९ साली माळढोक अभयारण्यात का झाला, हे याच संदर्भात सांगता येईल.

(४) देवघरातील किंवा देवळातील वस्तू मागू नयेत.

८. पाठाची मांडणी

हा पाठ चार तासिकांत घ्यावा. पहिल्या तासिकेत वर्तमानपत्रांचा प्रयोग व तगरची माहिती, दुसरीत बांगडी, मणी व मूर्ती, तिसरीत कुंभार, सुतार किंवा घोंगडी विणणाऱ्याची भेट, व चौथीत चिठ्ठ्या लिहिणे, असा क्रम ठेवावा. शक्य झाल्यास वर्षातून एकदा तेरची सहल काढावी. संग्रहालयात प्रत्येक विद्यार्थ्याने एकच वस्तू निवडून तिच्यापुढे दहा मिनिटे उभे राहावे, तिचे चित्र काढावे व तिच्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, हे टिपून आणावे.

विद्यार्थ्यांस विचारावयाचे प्रश्न

१. पाँपेईच्या मूर्तीमुळे तेरच्या मूर्तीचा काळ ठरविण्यास मदत कशी होते?
२. शंखाच्या बांगडीमागे किती प्रकारच्या माणसांचे श्रम आहेत? क्रमाने लिहा.
३. नदीतील शिंपला व समुद्रातील शंख यांतील फरक सांगा.
४. एका पायलीत किती निळवी होतात? रीत दाखवा.
५. तुमच्या गावाची पांढरी कोठे आहे? नकाशा काढा व वडीलधाऱ्या माणसांस विचारून तिची माहिती पाच ओळींत लिहा.
६. तुमच्या घरातील सर्वांत जुनी वस्तू कोणती? ती कोणी केली, कोठून आली, हे घरी विचारा व तिची चिठ्ठी तयार करा.
७. सुगरणीचा खोपा तुम्ही कोणत्या फळीवर ठेवाल? कारण द्या.